घोड्यांची शर्यत व राजकारणाची भाषा

वर्गांत एकदां ‘डार्क हॉर्स’ या शब्दप्रयोगाचा अर्थ विचारला असतां एका विद्यार्थ्यानें ‘काळा घोडा’ असें उत्तर दिलें. सारा वर्ग हंसला. वस्तुतः ती चूक हंसण्याजोगी नव्हती. येथें ‘डार्क’ म्हणजे काळा नव्हे, तर अंधारांत राहिलेला. आणि हें कळण्यास शर्यतीच्या मैदानावरच जावें लागतें.

इंग्लंडांत 1780 सालीं एप्सम येथें डर्बीची पहिली शर्यत झाली, आणि पुढील शतकांत सरदारांपासून मजुरांपर्यंत अनेकांस पैजेचा नाद लागला. ज्याच्या वेगाची कल्पना पैज लावणारांस नाहीं, तो घोडा त्यांच्या दृष्टीनें अंधारांतला. डिझरायलीच्या ‘द यंग ड्यूक’ (1831) या कादंबरींत असाच एक घोडा सर्वांस चकवून पुढें निघून जातो. हा कादंबरीकार पुढें पंतप्रधान झाला. त्याचा शब्दही राजकारणांत शिरला. अमेरिकेंत 1844 सालीं बॉल्टिमोर येथें डेमोक्रॅटिक पक्षाची परिषद भरली, तेव्हां पहिल्या सात फेऱ्यांत जेम्स पोक यांस एकही मत पडलें नव्हतें. नवव्या फेरींत उमेदवारी त्यांसच मिळाली, आणि त्या वर्षींची निवडणूकही त्यांनींच जिंकली. अशा उमेदवाराचें ठळक उदाहरण म्हणून आजही त्यांचेंच नांव घेतात.

इतर शब्दही याच वाटेनें आले. ‘रनिंग मेट’ म्हणजे मूळांत मुख्य घोड्यास वेग देण्याकरितां सोडलेला त्याच तबेल्यांतील जोडीदार. आज तो उपाध्यक्षपदाचा उमेदवार होय. निकालांत पहिल्या तिघांखालीं ‘हेही धांवले’ म्हणून जीं नांवें छापीत, त्यांवरून पराभूतास ‘ऑल्सो रॅन’ म्हणूं लागले. विजय निश्चित दिसतांच जॉकी लगाम सैल सोडून हात खालीं घेई. म्हणून सहज मिळविलेला विजय ‘हँड्स डाउन’ ठरला.

मराठींतही घोडा पुष्कळ आहे. ‘घोडामैदान जवळ आहे’ यांत परीक्षेचें आव्हान आहे, ‘वरातीमागून घोडें’ यांत फजिती आहे. पैज दोहोंतही नाहीं. तथापि आमचीं वृत्तपत्रेंही आतां अमका मुख्यमंत्रिपदाच्या ‘शर्यतींत’ आहे, तमका ‘डार्क हॉर्स’ ठरेल, असें बिनदिक्कत लिहितात.

आणि येथेंच घोडें पेंड खातें. उमेदवारास घोडा म्हटलें कीं मतदार आपोआप बघ्या ठरतो. कोण पुढें, कोण मागें, एवढेंच तो विचारतो. धांवणारा कोठें निघाला आहे, हें विचारीत नाहीं. शर्यतींत कठड्याबाहेरील ओरड्यानें निकाल फिरत नाहीं. निवडणुकींत मात्र तो कठड्याबाहेरच्यांच हातीं असतो. परभाषेंतून शब्द उसने घेण्यास हरकत नाहीं. त्यांबरोबर येणारी बघ्याची जागा मात्र आपण पत्करूं नये.