धरून ठेवण्याचे काम

लघवी धरून ठेवणे म्हणजे नुसते न जाणे, त्यात शरीराला कष्ट ते कसले, असे कारखान्यातले सुपरवायझर समजतात आणि आपणही समजतो. चारचौघांत हा विषय काढायचा नाही, म्हणून हा समज टिकून राहिला. वस्तुतः धरून ठेवणे हेच काम आहे, आणि ते मेंदूला करावे लागते. ही गोष्ट शास्त्रज्ञांना कशी उमगत गेली, ती हकीकत सांगतो. मी डॉक्टर नव्हे; कामगारांच्या तक्रारी लिहून घेता घेता या पुस्तकांपर्यंत पोचलो.

पहिल्या महायुद्धात पाठीला गोळी लागून मज्जारज्जू तुटलेले तरुण सैनिक लंडनला येऊन पडले. मेंदू शाबूत, मूत्राशय शाबूत; मधली तार तेवढी तुटलेली. प्रथम त्यांची लघवी तुंबून राही. काही आठवड्यांनी मात्र नवल घडे. मूत्राशय ठराविक मापापर्यंत भरले की आपोआप रिकामे होई, तळपायाला ओरखडले तरी होई, आणि ज्याचे शरीर त्यालाच पत्ता नसे. हेन्री हेड आणि जॉर्ज रिडक यांनी १९१७ साली हे नोंदवून ठेवले. या सैनिकांपैकी पुष्कळजण पुढे मूत्रमार्गातील जंतुदोषाने दगावले. आपले ज्ञान असे महाग पडलेले आहे. त्यातून कळले ते हे की, रिकामे होणे खालच्या खाली उरकू शकते. 'आत्ता नको, थांब' म्हणणारा वर बसलेला असतो.

वर म्हणजे कोठे? लंडनचा शस्त्रवैद्य बॅरिंग्टन याने मांजरांवर प्रयोग करून १९२५ साली मेंदूच्या बुडाशी एक चिमुकली जागा दाखवली. ती दोन्ही बाजूंनी नष्ट झाली की मांजराचे मूत्राशय नीट रिकामे होईनासे होई. मूत्राशय आवळायचे आणि त्याच क्षणी दाराचा स्नायू सैल सोडायचा, हा मेळ तेथून घातला जातो. त्याच्याही वर कपाळामागचा मेंदू. तेथे इजा झालेल्या रोग्यांचा अभ्यास अँड्र्यू आणि नेथन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केला. त्या रोग्यांना एकाएकी घाई होई, आवरत नसे, आणि कपडे भिजले की ते शरमेने अर्धमेले होत. लाज शाबूत होती, आवर गेला होता.

१९९७ साली ब्लोक आणि होल्स्टेग या डच संशोधकांनी १७ पुरुषांना भरल्या मूत्राशयाने मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात निजवले आणि लघवी करा म्हणून सांगितले. दहा जणांना जमले. बॅरिंग्टनने मांजरात दाखवली तशीच जागा त्यांच्या मेंदूत कामाला लागलेली दिसली. सात जणांना कसून प्रयत्न करूनही होईना. त्यांच्यात जवळचीच दुसरी एक जागा जागी होती, दार आवळून धरणारी.

हे सात जण मला आमच्यातलेच वाटतात. एका कारखान्यात संडासाला जाताना बायकांना टोकन घ्यावे लागे, आणि दाराशी बसलेला पहारेकरी वेळ लिहून घेई. त्या म्हणत, "दादा, गेलं तरी होत नाही, आणि मशीनवर आलं की पुन्हा लागते." व्यवस्थापकांच्या मते ही कामचुकारांची सबब होती. शेवटी बायकांनी त्यावर उपाय काढला : सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. भर उन्हाळ्यात! मग एकीला मूत्राशयाचा दाह झाला, मागोमाग दुसरीला.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या १९ व्या कलमात असे लिहिले गेले की, कामगार कारखान्यात असेल तोवर त्याला केव्हाही जाता येईल अशी संडास-मुतारीची सोय हवी. ते कलम आणि त्या सात डच गृहस्थांची गोष्ट, दोन्ही आम्ही एकाच बैठकीत मांडली. गोष्टीला साहेब हसले, कलमाला हसले नाहीत. टोकन बंद झाले. पहारेकऱ्याची खुर्ची मात्र आणखी दोन महिने तेथेच होती.