उष्णतेचं आजोळ

मे महिन्यात कुरुदला रात्री साडेदहाच्या सुमाराला घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आतून हात लावून बघा. (धमतरीकडचं कुरुद नव्हे, हे भिलाईच्या कडेला चिकटलेलं.) ऊन कधीच उतरलेलं असतं, अंगणात बाज टाकावी इतपत हवा सुटलेली असते, आणि भिंत मात्र आत्ता कुठे ऐन तापात आलेली असते. नऊ इंची विटांच्या भिंतीतून दुपारची धग आत यायला हिशेबाने सात-आठ तास लागतात.

हा हिशेब मांडायची रीत 1807 सालची. ती बसवणारा जोसेफ फूरिये तेव्हा फ्रान्समध्ये ग्रनोबलला प्रीफेक्ट होता, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा. दलदली उपसायच्या, रस्ते काढायचे आणि उरल्या वेळात उष्णतेचं गणित. नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आल्यापासून त्याला थंडी सोसवत नसे म्हणतात. अंगावर कपड्यांचे थर चढवून बसायचा. अशा माणसाला उष्णतेचाच ध्यास लागावा यात नवल नाही.

पण रीतीचं कूळ शोधू गेलं तर ती उष्णतेच्या घरची नाही. तिचं आजोळ तारेत आहे.

गणिती दालांबेरने 1747 मध्ये ताणलेल्या तारेचं समीकरण मांडलं. तार छेडली की तिचा आकार दोन भागांत विभागून एक उजवीकडे, एक डावीकडे धावतो, हे त्याचं उत्तर. तारेला सुरुवातीला कुठला आकार देता येईल यावरून त्याचं ऑयलर या दुसऱ्या गणित्याशी वाजलं. दालांबेर म्हणे, सूत्रात बसणाराच. ऑयलर म्हणे, हाताने काढलेली कुठलीही रेघ चालेल. 1753 मध्ये डॅनियल बर्नुली तिसरंच बोलला : तारेचा कुठलाही आकार म्हणजे साध्या सुरांची बेरीज. दोघांनीही ते मानलं नाही. टोकदार, वेडीवाकडी रेघ गुळगुळीत ज्या-वक्रांच्या (साइनच्या लाटांच्या) बेरजेतून कशी निघेल?

माझं मत विचाराल तर या भांडणात तंबोरा आणून ठेवायला हवा होता. चांगला जुळलेला मिरजेचा तंबोरा छेडा. खर्जाची तार षड्जाची, पण तिच्यातून गंधार ऐकू येतो. कुणी लावलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा तो सूर. बर्नुली ज्याला बेरीज म्हणत होता, तिच्यातला पाचवा आकडा आपले गवई कानांनी ओळखत होते.

फूरियेने हीच बेरीज उचलली आणि तापलेल्या पट्टीला लावली. नुसती लावली नाही, तर कुठला सूर किती घ्यायचा ते काढायचा मार्गही दिला. 21 डिसेंबर 1807 ला निबंध पॅरिसच्या संस्थेपुढे गेला. परीक्षकांत लाग्रांज होता, वय 71. तारेच्या भांडणात तो 1759 पासून पडलेला. त्याने आताही मान डोलावली नाही. पुढे याच विषयावर स्पर्धा लागली. फूरियेने 1811 मध्ये निबंध पुन्हा दिला. बक्षीस मिळालं, पण सोबत शेरा : व्यापकता आणि काटेकोरपणा कमी. निबंध छापला नाहीच. 1822 मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्याच साली तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सचिव झाला, आणि मग अकादमीच्याच ग्रंथांत त्याने तो 1811 चा निबंध जसाच्या तसा छापवून घेतला! काटेकोरपणाची उणीव 1829 मध्ये डिरिक्लेने बऱ्याच अंशी भरून काढली.

पोरं ज्यांना पीडीई (आंशिक विकलक समीकरणं) म्हणून घोकतात, त्या उष्णतेच्या आणि तारेतल्या तरंगाच्या दोन समीकरणांची उजवी बाजू एकच : हा बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा किती वेगळा आहे. उष्णतेत त्या फरकावर बदलाचा वेग ठरतो, तरंगात त्वरण. एवढ्याशा फरकाने स्वभाव पालटतो. भिलाईच्या कारखान्यात, जिथली पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला सुरू झाली, उष्णता आणि तरंग एकाच पोलादात भेटतात. लाटण्याआधी पोलाद भट्टीत बाराशे अंशांपर्यंत तापवतात. जाडी दुप्पट झाली की आतपर्यंत ताप पोचायला साधारण चौपट वेळ. पुढे रूळ तयार झाला की त्याच्यात अल्ट्रासॉनिक ध्वनी सोडतात. तो सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावतो. आत चीर असली तर तिथूनच आपटून वेळेआधी परत येतो. म्हणजे चिरेची खबर तरंग शाबूत आणतो. उष्णतेला असलं काही जमत नाही. तिच्यात तिसरा सूर पहिल्याच्या नऊपट झपाट्याने विझतो, पाचवा पंचवीसपट. तंबोऱ्यात घुमणारा तो गंधार तापल्या पट्टीत टिकूच शकत नाही.

म्हणून ही भिंत. दुपारी तीनला दहा मिनिटं ढग आला होता, अंगणातली सावली मी पाहिली होती. भिंतीच्या बाहेरच्या दोन इंचांतच ती विरली. रात्री हाताला लागतो तो फक्त दिवसभराच्या उन्हाचा एकच जाडा, संथ सूर, तोही आठ तास उशिरा.