मल्लखांब : एका शब्दाची साक्ष

श्रोतेहो, मल्लखांबाचा जनक कोण, असे विचारले की बाळंभटदादा देवधरांचे नाव पुढे येते. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या या व्यायामाचार्यांना सप्तशृंगीच्या डोंगरावर देवीच्या कृपेने, वानराच्या उड्या पाहून ही विद्या लाभली, अशी कथा आहे. कथा गोड आहे. पण शब्दाची साक्ष निराळी आहे. ती आज ऐकू.

‘मल्ल’ म्हणजे कुस्तीगीर, हे उघड आहे. बोलीत आपण ‘मलखांब’ म्हणतो, पण त्यातला ‘मल’ हा मल्लच होय. खरी मौज ‘खांब’ या शब्दात आहे. खांब म्हणजे स्तंभ, असे आपण शाळेत शिकलो. हेमचंद्रासारख्या प्राकृत वैयाकरणांचेही तेच मत. परंतु प्राकृतात ‘स्त’चा सहसा ‘थ’ होतो. ‘स्तोक’ पासून थोडे आले आणि ‘स्तंभ्’ पासून आपले थांबणे. ‘ख’ येतो तो ‘स्क’ पासून. स्कंधाचा खांदा झाला, तसाच स्कंभाचा खांब, असे आधुनिक भाषाशास्त्रज्ञ मानतात. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात विश्वाला तोलून धरणाऱ्या तत्त्वाला ‘स्कंभ’च म्हटले आहे. तेव्हा खांब म्हणजे केवळ ताठ उभा असलेला नव्हे, तर आधार देणारा.

मग मल्लाला हा आधार कशासाठी? सागाच्या वा शिसवीच्या त्या खांबाचे भाग पाहा : अंग, मान आणि वर बोंड. अंग आणि मान ही माणसाची नावे लाकडाला उगीच दिलेली नाहीत. त्याला एरंडेल चोळून गुळगुळीत करतात आणि मांड्यांच्या पकडीने अढी घालतात. जोडीदार नसताना हा खांबच मल्लाचा जोडीदार असे.

आणि हे नाते जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या इ. स. ११३१ च्या सुमाराच्या ग्रंथात मल्लांच्या प्रकरणात ‘मल्लस्तंभ’ आलेला आहे. म्हणजे दुसऱ्या बाजीरावांच्या सुमारे साडेसहाशे वर्षे आधी! यामुळे दादांचे मोठेपण तसूभरही उणे होत नाही. विस्मरणात गेलेली विद्या जागवून ती शिष्यांच्या हाती देणे, हे काम निर्मितीहून हलके नव्हे.

पुढे वेताचा व मग दोरीचा मल्लखांब आला. त्यात ना मल्ल, ना खांब! २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धा झाली, तिथे परदेशी खेळाडूंच्या तोंडीही हेच नाव होते. मुलगी दोरीवर आसन स्थिर करते, तेव्हा तिचा सारा भार ती एक दोरी तोलून धरते. ‘स्कंभ’ याचा अर्थ तरी दुसरा काय?