लोकलवर नाव कुणाचं?

मी विरार पूर्वेचा, फुलपाड्याचा. त्यामुळे लोकलवर बोलायला मला निमित्त लागत नाही. पण आज विषय गर्दीचा नाही, गाडीच्या अंगावरच्या रंगाचा आहे. म्हणजे ग्राफिटीचा.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागेल. तिथे साधारण १९७० च्या आसपास निरोप्याचं काम करणारा एक पोरगा जाईल तिथे मार्करने लिहायचा, ‘टाकी १८३’. टाकी हे घरचं नाव, १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर. आपल्याकडे ‘पप्पू, फुलपाडा’ लिहावं तसंच! २१ जुलै १९७१ ला न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि मग काय, आणखी पोरं सुटली.

त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. भिंत जागेवर राहते, ट्रेन शहरभर फिरते. ब्रॉंक्समधल्या गरीब पोराचं नाव फुकटात ब्रुकलिनला पोचतं. मार्करच्या जागी स्प्रे आला, अक्षरं फुगली, खिडक्यांसकट अख्खे डबे रंगू लागले. सगळं रात्री, यार्डात चोरून शिरून. शहराच्या तिजोरीत तेव्हा खडखडाट होता, डबे धुणार कोण? पुढे पैसा आला, यार्डांना कुंपणं आली, आणि रंगवलेली गाडी साफ केल्याशिवाय रुळावर काढायचीच नाही असं धोरण आलं. नाव कुणाला दिसणारच नसेल तर रात्र जागवायची कशाला? मे १९८९ मध्ये शेवटची रंगलेली गाडी सेवेतून काढली.

आता प्रश्न असा, की विरारला एवढं मोठं कारशेड असूनही आपल्याकडे हे का झालं नाही? रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी घुसलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दारात लटकून जाणारी आपली पोरं कलमाला घाबरतात, हे मला पटत नाही.

मला वाटतं, आपण गाडीवर नाव न लिहिताच हक्क सांगितला. ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप, टाळ वाजवणारी भजनी मंडळी. दसऱ्याच्या सुमारास झेंडूची तोरणं, फोटोला हार, मोटरमनला पेढे. स्प्रेचं काम आपण झेंडूवर भागवलं. हे ऐकायला गोड आहे, पण याच हक्कापोटी विरार लोकलमध्ये बोरिवलीच्या माणसाला चढू न देणंही होतं. ‘गाडी आमची’ म्हटलं की कुणीतरी बाहेर राहतंच.

परदेशी पोरांनी मात्र आपल्या आसपासच्या गाड्या सोडल्या नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबाद मेट्रोचा डबा रंगवल्याबद्दल चार इटालियन पकडले गेले. देशोदेशीच्या गाड्या रंगवत फिरणं हा काहींचा छंदच आहे. त्यात मला टाकीची भूक दिसत नाही. तिकीट काढून आलेली हौस दिसते.

मुंबईत रंग चढला तो भिंतीवर, तोही महापालिकेच्या परवानगीने. ऑगस्ट २००९ मध्ये ‘द वॉल प्रोजेक्ट’च्या पुढाकाराने चारशेच्या आसपास लोकांनी माहीम ते दादर तुळशी पाइप रोडची भिंत रंगवली. ही भिंत पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागूनच आहे. चित्रं मात्र रस्त्याच्या बाजूला होती. विरारहून उभ्याने आलेल्या माणसाला गाडीतून तिची नुसती पाठ दिसायची.