गोडाची ओढ कशी कमी करावी? वजन घटवणाऱ्यांनी आधी चहाचा कप मोजावा

कोलशेत : वजन कमी करायला घेतलेल्या माणसाला एक वेळ भूक सहन होते, पण गोडाची ओढ सहन होत नाही. सकाळी ठरवायचं की आजपासून साखर बंद, आणि दुपारी चारला चहासोबत दोन बिस्किटं, वर एक पेढा. घरोघर हेच चालतं. त्यात माणूस आळशी किंवा चटोर असतो असं नाही. ही ओढ कशामुळे येते आणि साखर पोटात नेमकी कुठून जाते, हे कळलं की ती कमी करता येते.

ठाणे शहराच्या कडेला, खाडीला लागून असलेलं कोलशेत हे त्यासाठी चांगलं उदाहरण आहे. हे मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. एका बाजूला खाडी, पलीकडे भिवंडी तालुका. भातशेती, मासेमारी, रेती हे इथले जुने धंदे. पुढे सँडोझचा, म्हणजे नंतरच्या क्लॅरियंटचा रसायन कारखाना आला, तोही गेला आणि त्या जागी टॉवर उभे राहिले. गावठाण तेच राहिलं, पण अंगमेहनत गेली. चिखलात लावणी करणारा किंवा होडी वल्हवणारा माणूस दिवसभरात जे जाळायचा, ते गाडीवर बसून कामाला जाणारा जाळत नाही. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला आणि चहाचे कप वाढले. शहापूर, मुरबाड, कल्याण ग्रामीणमध्येही जिथं जमिनी रस्त्याला आणि गोदामांना गेल्या, तिथं हेच होत आहे.

उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी द्यायची आपल्याकडची रीत चांगलीच आहे. ती नांगर सोडून आलेल्या माणसासाठी होती. पंख्याखाली मोबाइल बघत बसलेल्याला तोच गुळाचा खडा वेगळ्या हिशोबात पडतो.

आता साधा हिशोब बघू. एक चहाचा चमचा साखर म्हणजे साधारण 5 ग्रॅम. एका कपात दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले तर झाली 40 ग्रॅम. महिन्याला एका माणसाच्या पोटात फक्त चहातून 1 किलो 200 ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि 5 टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी बरं. 5 टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ग्रॅम, पाच चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत जवळपास हाच आकडा धरला आहे. म्हणजे तिसऱ्या कपालाच दिवसाचा कोटा संपतो, बिस्किट अजून डब्यातच आहे.

लोक दोष देतात मोदकाला, नारळी भाताला, हळदीच्या जेवणातल्या जिलबीला. पण सण वर्षात मोजके येतात. चहा 365 दिवस असतो. वजन कमी करताना नारळी पौर्णिमेला नारळी भात सोडून देणारा आणि रोज चार कप गोड चहा पिणारा माणूस चुकीच्या ठिकाणी उपास करतो.

चहाखालोखाल नंबर लागतो तो थंड पेयांचा. बहुतेक गोड कोल्ड्रिंकमध्ये 100 मिलीला 10 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत पाच चमचे. उसाचा रस ताजा असला तरी त्यातही साखर भरपूर, एका पेल्यात पाच-सहा चमचे सहज. साध्या ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या साधारण चौथा हिस्सा साखर असते. खारी गोड लागत नाही म्हणून लोक ती पथ्याची समजतात, पण तिच्यात मैदा आणि तूप-डालडा आहेच. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींचं पाकीटही उलटून बघा. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं होतं, ते उगाच नाही.

पाकीट वाचायची सोपी रीत अशी : जो घटक सगळ्यात जास्त, तो यादीत पहिला लिहिलेला असतो. पहिल्या तीन नावांत साखर असेल तर तो पदार्थ गोडाचाच धरायचा. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं दिसली तर ती साखरेचीच भावंडं आहेत.

ओढ का लागते?

गोड खाल्लं की रक्तातली साखर झटकन वर जाते. ती खाली आणायला शरीर इन्सुलिन सोडतं. अनेकांना मग दोन-तीन तासांत पुन्हा गळल्यासारखं होतं आणि हात परत गोडाकडे जातो. त्यात मेंदूला गोड आवडतं, हे तर तान्ह्या बाळापासून दिसतं. सवय आणि वेळ यांचाही भाग असतो : रोज चार वाजता चहा-बिस्किट घेणाऱ्याला चार वाजताच भूक लागते, जेवण कितीही झालेलं असो.

दुसरं कारण ताटातच असतं. नुसता भात आणि पातळ आमटी, किंवा तांदळाची भाकरी आणि थोडं कालवण, असं जेवण पोट भरतं पण टिकत नाही. प्रथिनं आणि चोथा कमी पडला की दोन तासांत काहीतरी चघळावंसं वाटतं. इथं खाडीकाठच्या माणसाचं नशीब चांगलं आहे, कारण मासा घरातला. बोंबील, सुकट, जवळा, निवट्या, काहीही असो, ताटात भात निम्मा करून मासा वाढवला तर संध्याकाळची ओढ कमी होते. फक्त मासा रोज तळून नको. शाकाहारी घरात वाल, चवळी, मूग, मटकी, चणे, डाळीचं घट्ट वरण, ताक. अंडं चालत असेल तर फारच उत्तम. शहापूर-मुरबाडकडे नागलीची भाकरी अजून होते, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगीसारख्या रानभाज्या फुकट मिळतात. बाजारातल्या महागड्या 'डाएट' पाकिटांपेक्षा हे कितीतरी सरस.

तिसरं कारण झोप. रात्री बारा-एकपर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाची लोकल, अशा माणसाची भूक वाढते आणि ती गोड-तळकटाकडेच वळते. रात्रपाळीवाल्यांना हे आपोआप माहीत असतं.

चहाची साखर कशी उतरवायची

एकदम बंद करणाऱ्यांपैकी बरेच जण आठवड्यात परत येतात. त्यापेक्षा उतरत जाणं सोपं पडतं. दोन चमच्यांवरून दीड, दहा-बारा दिवसांनी एक, मग अर्धा. जिभेला सवय लागायला काही आठवडे लागतात, पण लागते. ज्याने साखर कमी केली त्याला पुढे पाहुण्यांच्या घरचा चहा पाक प्यायल्यासारखा लागतो. आलं, गवती चहा, वेलची घातली की कमी साखर खटकत नाही. घरातल्या बाईने एकट्या नवऱ्यासाठी वेगळा चहा करायचा म्हटलं तर तो चार दिवसच होतो. पातेल्यातलीच साखर सगळ्यांसाठी कमी करावी आणि ज्याला हवी त्याने वरून घ्यावी.

चार कपांत दोनऐवजी अर्धा चमचा आला तर रोजची 30 ग्रॅम साखर, म्हणजे 120 उष्मांक वाचतात. कागदावर महिन्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर वजन होतं. शरीर कागदाप्रमाणे वागत नाही हे खरं, पण दिशा बरोबर असते.

गुळाचा चहा हा मोठा गैरसमज आहे. गुळात थोडं लोह आणि इतर क्षार असतात, बाकी तो मुख्यतः साखरच. मधाचंही तेच. साखर सोडून दोन चमचे गूळ घालणाऱ्याचं वजन त्यामुळे उतरत नाही, आणि मधुमेह असलेल्याला गूळ 'चालतो' असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. साखरेच्या गोळ्या, म्हणजे कृत्रिम गोडवा, यांच्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा वापर करू नये. गोळीने साखर टळते, पण गोडाची चव सुटत नाही.

ओढ लागलीच तर आधी पेलाभर पाणी, मग चार पावलं फिरून यावं. बऱ्याचदा तेवढ्यात ती निघून जाते. खरीच भूक असेल तर मूठभर भाजके चणे, शेंगदाणे, एखादा पेरू. फळ अख्खं खावं, रस काढून नाही. घरात फरसाणाचा आणि बिस्किटाचा डबा समोर ठेवून मनाची परीक्षा बघू नये.

दीक्षितांचा दोन वेळचा डाएट

महाराष्ट्रात गोड आणि वजन म्हटलं की डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं नाव निघतंच. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली त्यांची पद्धत अशी : दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरकायचं, मध्ये काही खायचं नाही आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. 2018 च्या सुमारास तिच्यावरून मोठा वाद झाला. ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ थोड्या थोड्या वेळाने, घरचं आणि आपल्या मातीतलं खा असं सांगत होत्या. गावागावांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा दोन पक्षच पडले होते.

वाद बाजूला ठेवला तर त्या पद्धतीतली एक गोष्ट गोडाच्या ओढीला लागू पडते : अधेमधे खाणं बंद. दुपारचं बिस्किट आणि गोड चहा तिथंच गळतो. मधुमेह नसलेल्याने गोड खायचंच असेल तर ते जेवणासोबत खावं, मोकळ्या पोटी चहासोबत नाही. मात्र गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं आणि मधुमेहाची औषधं घेणारे यांनी दोन वेळचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

तपासणी कुठे?

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला काही दुखत नाही, म्हणून तो तपासत नाही. पोटाचा घेर घरीच टेपने मोजता येतो. पुरुषाचा 90 सेंटीमीटर आणि बाईचा 80 सेंटीमीटरच्या वर असेल तर रक्त तपासून घ्यावं.

वय 30 च्या पुढे असलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तसंच प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई घरी येऊन त्याचा फॉर्म भरून घेतात, तेव्हा 'मला काही नाही' म्हणून त्यांना परत पाठवू नये. पुढच्या उपचारांसाठी मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. कोलशेतसारख्या शहरी भागात महापालिकेचं आरोग्य केंद्र, आणि मोठ्या उपचारांसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यावा. नाहीतर साखर धोकादायक खाली जाते. घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. अशा वेळी वजनाचा विचार करायचा नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यावी, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, एका कुशीवर वळवून 108 ला फोन करावा.