तांब्याच्या नळीचा सांधा : घरच्या एसीपासून रुग्णालयातील प्राणवायूपर्यंत

- प्रतिनिधी

सातारा, सांगली : या दोन्ही शहरांतील घरांत पिण्याचे पाणी आज प्रामुख्याने जी.आय., पीव्हीसी किंवा सीपीव्हीसीच्या नळांतून येते. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब बहुतेक घरांतून माळ्यावर गेला. तरीही तांबे घराबाहेर गेलेले नाही. एअर कंडिशनर, जुने फ्रीज, छतावरील फ्लॅट प्लेट पद्धतीचे सौर बंब आणि रुग्णालयात खाटेपर्यंत प्राणवायू पोहोचविणारी वाहिनी, या सर्वांत तांब्याचीच नळी असते. ती सहसा मधूनच फुटत नाही. दगा देतो तो सांधा. म्हणूनच सांधा कोणत्या कामासाठी आहे, हे पाहूनच त्याची पद्धत ठरवावी लागते.

तयारी : अर्धे काम

कोणत्याही पद्धतीची सुरुवात नळी कापण्यापासून होते. हॅक्सॉने कापल्यास तोंड तिरके होते आणि कीस आत पडतो. त्यामुळे चाकासारखे पाते असलेला पाइप कटर वापरला जातो. तो नळीभोवती फिरवीत थोडा थोडा आवळायचा असतो. कटरमुळे आतल्या बाजूला आलेली धार रीमरने काढली जाते. ती तशीच राहिल्यास प्रवाहाला अडथळा होतो आणि पाण्याच्या वाहिनीत कालांतराने तेथेच झीज सुरू होते. त्यानंतर नळीचे टोक आणि जोडाचा आतील भाग पॉलिश पेपरने किंवा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासतात. नळी व जोड यांत साधारण एक दशांश मिलिमीटर फट असावी. वितळलेला धातू याच फटीत केशाकर्षणाने आपोआप ओढला जातो. फट फार सैल असेल, तर तो ओढला जात नाही.

झाळकाम : कल्हईचेच शास्त्र

भांड्यांना कल्हई होताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सोल्डरिंग समजणे अवघड नाही. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो. नवसागर तांब्यावरील ऑक्साइडचा थर काढतो आणि मगच कथील पसरते. नळीच्या सांध्यात नवसागराचे काम फ्लक्स करतो. गॅस टॉर्चची ज्योत सोल्डरवर न धरता जोडावर धरावी. जोड पुरेसा तापला की विरुद्ध बाजूने लावलेली तार स्वतःच वितळून आत शिरते. सांधा थंड होईपर्यंत हलवू नये. नळीत पाणी उरलेले असल्यास उष्णता तेच शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो.

जुन्या सोल्डरमध्ये कथिलाबरोबर शिसे असे. शिसे पाण्यात उतरू शकते व लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. पिण्याच्या पाण्यासाठी शिसेविरहित सोल्डरच वापरावे.

ब्रेझिंग : दाबाच्या वाहिनीसाठी

भरण-धातू ४५० अंश सेल्सिअसच्या वर वितळत असेल, तर त्या कामाला ब्रेझिंग म्हणतात. एसीच्या व प्राणवायूच्या वाहिन्यांना हीच पद्धत लागते. येथे तांबे-फॉस्फरसच्या, कधी चांदीचा अंश असलेल्या कांड्या वापरतात. सुमारे ७०० ते ८०० अंशांना त्या वितळतात. तांबे १,०८५ अंशांना वितळते, त्यामुळे नळी शाबूत राहते. तांब्याला तांबे जोडताना या कांडीला वेगळा फ्लक्स लागत नाही. पितळेला जोडताना मात्र लागतो. पोलाद किंवा लोखंड जोडण्यासाठी ही कांडी वापरू नये, सांधा ठिसूळ होतो.

ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडणे आवश्यक असते. अन्यथा आतल्या बाजूला काळी खपली धरते. एसीमध्ये ती बारीक नळी तुंबविते. रुग्णालयात ती प्राणवायूबरोबर पुढे जाऊ शकते. प्राणवायूच्या नळीला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये, कारण शुद्ध प्राणवायूत तेल सहज पेट घेते.

या वाहिन्यांचे मोल २०२१ मधील करोना लाटेत सर्वांना कळले. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीपाशी गळती होऊन पुरवठा विस्कळित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ती गळती वॉर्डातील तांब्याच्या सांध्यात नव्हती. मात्र साखळीतील एक जोड निकामी झाल्यास काय होते, हे त्यातून दिसले.

ज्योतीविना जोड

एसीचे आतील व बाहेरील युनिट फ्लेअर पद्धतीने जोडतात. नळीवर आधी नट चढवून मग फ्लेअरिंग टूलने तोंड ४५ अंशांत पसरविले जाते व नट आवळला जातो. नट चढवायचा विसरल्यास पुन्हा कापावे लागते. कॉम्प्रेशन जोडात पितळी कडी नळीवर दाबली जाते. येथे दोन पाने लागतात : एक जोड धरायला, दुसरा नट फिरवायला. फाजील आवळल्यास नळी चेपते. प्रेस पद्धतीत यंत्राने जोड दाबला जातो. काम झटपट होते, पण यंत्र महाग असते.

तांबे कोठे नको?

सांगली, तासगाव परिसरातील बेदाण्याच्या शीतगृहांना याचे उत्तर ठाऊक आहे. अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहात पोलादी नळ्या असतात, कारण ओलसर अमोनिया तांबे व पितळ खातो. तसेच तांब्याची नळी थेट जी.आय.ला जोडू नये, जस्त व लोखंड लवकर गंजते. मध्ये पितळी किंवा विद्युतरोधक जोड द्यावा.

चाचणी

सांधा झाल्यावर एसीच्या वाहिनीत नायट्रोजनचा दाब भरून साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा आला, तर गळती आहे. त्यानंतर पंपाने वाहिनी निर्वात करून मगच गॅस भरतात. दाबासाठी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नये, कॉम्प्रेसरमधील तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा आहे. कारागीर घरी आल्यावर ग्राहकाने दोन प्रश्न जरूर विचारावेत : नायट्रोजनचा सिलिंडर आणला आहे का, आणि चाचणी माझ्यासमोर होणार का?