देवगिरीचे दरबार गेले, कागद उरला

१/ देवगिरी म्हटले की किल्ला, यादव आणि तुघलकाची ‘वेडी’ राजधानी एवढेच बहुधा आठवते. छत्रपती संभाजीनगरपासून पंधराएक किलोमीटरवरचा हा डोंगर आणि त्यापलीकडच्या पठारावरचे खुलताबाद मात्र गायक, लेखक आणि कागद करणारे कारागीर यांचेही ठिकाण होते. राजसत्ता निघून गेल्यावर कला कोणाच्या आधाराने टिकते, याचे उत्तर या छोट्या टापूत सापडते.

२/ आरंभ यादवकाळापासून करू. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या भास्कर पंडितांचा नातू शार्ङ्गदेव. तो सिंघणदेव यादवाच्या (राज्यकाल सु. १२१०–१२४७) पदरी हिशेब व दप्तराच्या खात्यात अधिकारी होता. याच काळात त्याने ‘संगीतरत्नाकर’ रचला. स्वरापासून नृत्यापर्यंत सात अध्यायांचा हा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरांना प्रमाण वाटतो.

३/ १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीची स्वारी झाली. १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने येथे राजधानी आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. दिल्लीहून अधिकारी, विद्वान, सूफी असे अनेक जण आले. राजकीय प्रयोग म्हणून तो फसला. परंतु आलेली सगळीच माणसे परत गेली नाहीत.

४/ १३४२ मध्ये दिल्लीहून निघालेला इब्न बतूता येथे आला. गायक-गायिकांच्या स्वतंत्र बाजाराचे वर्णन त्याने केले आहे. त्या बाजाराचे नाव ‘तरबाबाद’. तरब म्हणजे आनंद, हर्ष. प्रत्येक दुकानाच्या मागे घर, आत सजवलेली बैठक आणि बाजाराच्या मध्यभागी मोठा घुमट. दर गुरुवारी तेथे गायकांचा प्रमुख बसे व एकेक मंडळी येऊन कला सादर करी. डोंगराच्या पायथ्याशी हे एक भरलेले कलानगर होते.

५/ पाचच वर्षांत चित्र पालटले. १३४७ मध्ये याच दौलताबादेत अलाउद्दीन हसन बहमनशाहाने स्वतंत्र राज्य स्थापिले आणि राजधानी गुलबर्ग्याला नेली. दरबार हलला की दरबारावर जगणाऱ्या कलावंताचा आश्रय तुटतो. मग उरते ते काय, आणि कोणाच्या बळावर?

६/ एक आश्रय डोंगरापलीकडे होता. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुर्हानुद्दीन गरीब (मृ. १३३७) खुलताबादेत विसावले. समा, म्हणजे भक्तिसंगीताची बैठक, त्यांना अतिशय प्रिय. भावावेशातील त्यांच्या नृत्याची रीत पुढे ‘बुर्हानी’ या नावाने ओळखली गेली. दर्ग्याला राजधानीची गरज नव्हती. भाविक येत राहिले, उरूस भरत राहिले, आणि गाण्याला श्रोता मिळत राहिला.

७/ दर्ग्याने लेखनालाही घर दिले. रुक्नुद्दीन काशानी यांनी गुरूंची वचने ‘नफाइस-उल-अनफास’मध्ये, तर त्यांचे बंधू हम्माद यांनी ‘अहसन-उल-अक्वाल’मध्ये नोंदवली. निजामुद्दीन औलियांची वचने लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्झी यांची कबरही खुलताबादेतच आहे. जेथे लिहिणारे असतात तेथे कागद लागतो.

८/ किल्ल्यावरून खुलताबादेकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. आपले पूर्वज तुघलकाबरोबर आले, अशी तेथील कागदी घराण्यांची परंपरा सांगते. जुनी रीत अशी: चिंध्या व ताग भिजवून कुटायचे, लगदा हौदात कालवायचा, चाळणीने पातळ थर उचलायचा, ताव वाळवून त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटाई चांगली झाली तरच बोरू अडखळत नाही व शाई फुटत नाही.

९/ या कारागिराचे भाग्य एका राजाशी बांधलेले नव्हते. बहमनी गेले, निजामशाही आली. १६३३ मध्ये किल्ला मोगलांनी घेतला. पुढे निजामाचा अंमल बसला. राज्यकर्ता बदलला तरी सारापट्टी, सनदा, पत्रे, पोथ्या थांबत नाहीत. ‘दौलताबादी’ हे कागदाच्या एका जातीचेच नाव मराठीत रूढ झाले. अनेक गिऱ्हाइके हेच या कलेचे खरे संरक्षण होते.

१०/ म्हणूनच तिला खरा धक्का लढाईने दिला नाही. तो गिरणीच्या स्वस्त कागदाने दिला. कचेऱ्यांनी यंत्राचा कागद स्वीकारला आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. आज कागजीपुऱ्यात हातकागद होतो तो थोड्या प्रमाणावर, आणि वेरूळच्या वाटेवर थांबणाऱ्या प्रवाशांवर त्याची मोठी भिस्त आहे.

११/ ‘वारसा’ म्हणून गौरव केल्याने हौद भरत नाही. मागणी नोंदवल्याने भरतो. मोडी कागदपत्रांच्या दुरुस्तीला टिकाऊ, आम्लरहित हातकागद लागतो. अभिलेखागारांनी आणि विद्यापीठांनी तशा प्रतीचा कागद येथेच करवून घेतला, तर दप्तरांचे आयुष्य वाढेल आणि दप्तरांवर जगलेल्या कारागिरालाही त्याचे जुने गिऱ्हाईक परत मिळेल. तरबाबादचा आज मागमूस नाही. कागजीपुऱ्यात अजून लगदा कालवला जातो, तोवरच हे करता येईल.